मध्यंतरापर्यंतचा संशय

घरातल्या एकाचा खून होऊन गेला त्याला बरीच वर्षं झाली होती आणि घर आता कुठं जरा रुळावर येत होतं, तेवढ्यात दिग्दर्शक आला.

खून थोरल्या मुलाचा झाला होता. रंगांच्या दुकानात बसल्या बसल्या त्याने फ्लास्कमधली कॉफी घेतली आणि टेबलावर डोकं ठेवलं, ते ठेवलंच. कॉफीत विष. आता फ्लास्क घरातला, कॉफी घरातली, आणि घरातली धाकटी सून औषधाच्या दुकानात कामाला! पोलिसांना आणखी काय पाहिजे? त्यांनी दुसरीकडे मान वळवायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. वर्तमानपत्रांनी तर तिचं 'औषधवाली सून' असं बारसंच करून टाकलं. पुढं कोर्टात सगळं बाहेर आलं. विष भागीदाराने घातलं होतं, तेही दुकानात, थोरला गिऱ्हाइकाला रंग दाखवायला उठला तेव्हा. सगळं दुकान एकट्याच्या घशात घालायचं होतं त्याला. तो आधी कबूल झाला, मग वकिलाने शिकवल्यावर फिरला, आणि वकिलाने बोट दाखवलं ते धाकटीकडे.

धाकटी वाचली ती सासूमुळं. त्या दिवशी सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. धाकटी उजाडायच्या आत तिला घेऊन रुग्णालयात गेली होती आणि दिवसभर तिच्या उशाशी होती. थोरलीने नवऱ्याचा फ्लास्क भरला तो या दोघी घराबाहेर पडल्यावर. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून म्हातारीने वकिलाची अशी काही खरडपट्टी काढली की न्यायाधीशांनाही चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं. "पट्टी डोळ्यावर होती माझ्या, कानावर नव्हती," ती म्हणाली. "दिवसभर ही पोर माझ्याशी बोलत होती. तिने काय तिथून फुंकर मारली कॉफीत?" भागीदार आत गेला, धाकटी सुटली.

सुटली म्हणजे कोर्टातून सुटली. लोकांच्या तोंडातून सुटणं इतकं सोपं नसतं. औषधाच्या दुकानाचा मालक मोठ्या मनाचा, त्याने तिला कामावरून काढलं नाही, फक्त मागच्या खोलीत खोकी फोडायला बसवलं. कारण काउंटरवर ती दिसली की डोकेदुखीवर गोळी न्यायला आलेला माणूस डोकं धरून तसाच परत जायचा. एक महाभाग तर तिला म्हणाला, "बाई, माझं काही म्हणणं नाही हो, पण बायको ऐकत नाही." तेव्हा सासू कामाला लागली. रोज सकाळी, ऐन गर्दीत, काठी आपटत दुकानात यायची आणि ओरडायची, "आमच्या धाकटीला बोलवा! मला तिच्याच हातचं औषध पाहिजे." धाकटी बाहेर येऊन ब्लडप्रेशरची गोळी तिच्या हातावर ठेवायची. म्हातारी ती सगळ्यांच्या देखत गिळायची आणि वर आ करून जीभ दाखवायची. लोक आधी हसले, मग ओशाळले. हळूहळू कुणी खोकल्याचं औषध मागितलं, कुणी मलम. एके दिवशी एका बाईने तान्ह्या बाळाच्या तापाचं औषध तिच्या हातून घेतलं. त्या दिवशी धाकटी मागच्या खोलीत जाऊन खोक्यांच्या आडोशाला ढसाढसा रडली. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. लोकांनी आपल्या हातचं बिनघोर घ्यावं आणि म्हातारीने आपल्या पाठीशी असंच उभं राहावं, बस्स.

तर असं सगळं मार्गी लागलेलं असताना हा दिग्दर्शक आला. दाढी, गळ्यात मफलर, पायात मुद्दाम फाडून घेतल्यासारखे बूट, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. बैठकीच्या खोलीत बसून तो थोरल्याच्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिला की थोरलीचे डोळे भरून आले. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "मला खून दाखवायचा नाहीये. मला सत्य दाखवायचंय."

अशा माणसाला तिथल्या तिथं दाराबाहेर काढायला हवं होतं. पण आमची मंडळी! नवरा गेल्यापासून जी बाई जोरात हसलीसुद्धा नव्हती, ती थोरली म्हणाली, "माझं काम कोण करणार?" धाकटीचा नवरा म्हणाला, "आणि माझं?" सासूने काहीच विचारलं नाही, फक्त कपाळावर आलेले केस मागे सारले.

एकट्या धाकटीने विचारलं, "माझ्याबद्दल काय दाखवणार?"

"ताई, तुमच्यावर तर सगळा सिनेमा उभा आहे," दिग्दर्शक म्हणाला. "रहस्यपट आहे ना! तुमच्यावर जरा संशय ठेवावा लागेल. पण फक्त मध्यंतरापर्यंत. मध्यंतरानंतर तुम्ही धुतल्या तांदळासारख्या."

"आणि जो माणूस मध्यंतरातच उठून घरी गेला तो?"

"अगं, कोण जातंय उठून?" सासू म्हणाली. "आपला सिनेमा आहे." सह्या व्हायच्या आधीच तो 'आपला' झाला होता.

धाकटीने सही केली ती एवढ्यासाठी की दिग्दर्शकाने तिच्या वर्मावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला पकडल्याची बातमी पहिल्या पानावर होती. सुटल्याची कुठं होती?" सुटल्याची बातमी आतल्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली होती. ती वाचलेला एकही माणूस धाकटीला आजवर भेटला नव्हता. तिला वाटलं, पडद्यावर आपण रुग्णालयात म्हातारीच्या उशाशी बसलेल्या दिसलो की झालं, पुन्हा कुणाला काही सांगायला नको. बिचारी! पण तेव्हा तिला बिचारी म्हणणारं कुणी नव्हतं, सगळे हेवा करत होते.

पुढच्याच आठवड्यात धाकटीचं काम करणारी नटी दुकानात आली. भलामोठा काळा चष्मा लावून आली, म्हणजे कुणी ओळखू नये म्हणून, आणि ओळखलं नाही तर दर थोड्या वेळाने तो काढायची. मालकाने खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. नटी म्हणाली, "मला तुमचे हात शिकायचेत."

आजवर धाकटीच्या हातांकडे कुणी असं प्रेमाने पाहिलं नव्हतं. ती खुलली. डॉक्टरची चिठ्ठी एकदा वाचायची, बाटली काढल्यावर पुन्हा वाचायची. बाटली उजेडात धरायची, तळाशी गाळ आहे का बघायचं. बुडाला बोटाने टिचकी मारायची, मग हलवायची, पण फेस येईल अशी नाही. देताना माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, किती आणि केव्हा, कारण कागदावरचं लोक वाचत नाहीत. "घाई करायची नाही," धाकटी म्हणाली. "आपली घाई, दुसऱ्याचा जीव." नटीने सगळं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ती गुणी होती, खोटं कशाला बोला. चार दिवसांत तिचे हात धाकटीसारखे चालायला लागले.

"किती शांत आहेत हो तुमचे हात," नटी जाताना म्हणाली. "अंगावर काटाच येतो."

धाकटीला ते कौतुक वाटलं. घरी येऊन तिने सासूला सांगितलंसुद्धा.

सासूला मात्र ऐकायला सवड नव्हती. तिचं काम करायला एक जुनी नामांकित अभिनेत्री ठरली होती, आणि ती बाई घरी चहाला येणार होती. आली. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या आणि पाहता पाहता गळ्यात गळे पडले. अभिनेत्रीने सासूची काठी मागून घेतली, तशी चालून दाखवली, सासू लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. सगळं झकास चाललं होतं. घोडं अडलं ते ऑपरेशनपाशी.

"मी पट्टी बांधणार नाही," अभिनेत्री म्हणाली. "लोक इतकी वर्षं माझे डोळे बघायला येताहेत. ते झाकून पलंगावर पडून राहायला मी कशाला पाहिजे? उशीला घ्या."

दिग्दर्शकाने दाढी खाजवली. खरं सांगायचं तर त्यालाही ते ऑपरेशन सलतच होतं. त्याने धाकटीला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, तुम्ही त्या दिवशी रुग्णालयात होता हे प्रेक्षकांना कळलं, की संशय संपला. सिनेमा दहाव्या मिनिटाला खलास. मग लोक काय खारे दाणे खात बसतील?"

"पण मी होते ना रुग्णालयात!"

"होतात हो! कोण नाही म्हणतंय? ते आपण शेवटी आणू. आत्ता फक्त तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी घरात ठेवू. त्या स्वयंपाकघराच्या दारात येतात. समोर तुम्ही. पाठमोऱ्या. हातात फ्लास्क. त्या बघतात... आणि काही न बोलता परत जातात. कसला प्रसंग आहे!"

धाकटी हटून बसली. तिने सासूकडे पाहिलं, कारण ही म्हातारी खवळली की भल्याभल्यांची पळता भुई थोडी व्हायची. पण सासूच्या डोळ्यांपुढं प्रसंग उभा राहिला होता. पलंगावर निपचित पडण्यापेक्षा दारात उभं राहणं कुणालाही जास्त शोभतं. ती म्हणाली, "अगं, एवढं काय धरून बसलीस? सिनेमाच आहे तो. खरं काय ते आपल्याला माहीत आहे ना?"

"आई, तेवढंच तर खरं आहे त्यात."

"शेवटी दाखवणार आहेत म्हणतात ना ते. तू पण ना, फार किरकिर करतेस."

थोरलीने जावेची बाजू घ्यायला हवी होती, पण तिचंही आपलं चाललं होतं. तिच्या वाट्याला आलेली नटी तिच्याहून पुष्कळ देखणी निघाली, त्यामुळं ती खूश होती आणि कुणाला दुखवायला तयार नव्हती. धाकटीच्या नवऱ्याला तर सिनेमातून काढूनच टाकलं होतं. दोन भाऊ असले की प्रेक्षकांचा गोंधळ होतो म्हणे. पडद्यावर धाकटीचा नवरा परदेशी नोकरीला होता आणि त्याचा नुसता आवाज फोनवर यायचा, तोही दुसऱ्याचा. तो घरात गाल फुगवून फिरत होता. बायकोवर खुनाचा आळ येतोय यापेक्षा आपला चेहरा नाही याचंच त्याला जास्त लागलं होतं.

शूटिंग झालं. सासू रोज सेटवर जायची. तिच्या नावाची खुर्ची होती तिथं. ती घरी येऊन अभिनेत्रीचे संवाद म्हणून दाखवायची, आणि जेवताना मध्येच थांबून, पापणी न हलवता, दाराकडे बघायची. सगळे हसायचे. धाकटीही हसायची. म्हातारीला इतकं आनंदात तिने थोरला गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि तिचा आनंद मोडायचा तिला धीर झाला नाही. इथंच ती चुकली. पण माया असली की माणूस असल्याच चुका करतो.

सिनेमा तयार झाल्यावर तो आधी थोड्या लोकांना गुपचूप दाखवून त्यांचं मत घ्यायची पद्धत असते. तसा दाखवला. लोकांना सगळं आवडलं, मध्यंतरापर्यंत. मध्यंतरानंतर भागीदार खुनी निघतो म्हटल्यावर लोक जांभया द्यायला लागले. रंगाच्या दुकानातला टकलू भागीदार! त्याला कोण विचारतो? सगळ्यांचं मत पडलं, खून धाकटीनेच केलेला बरा. खून ज्याने खरोखर केला होता तो तुरुंगात बसला होता, पण तो लोकांना पसंत नव्हता.

दिग्दर्शक पुन्हा घरी आला. या वेळी पेढीवरच्या माणसासारखा घाईत होता. "ताई, शेवटाला थोडासा हात लावलाय," तो म्हणाला. "निकाल तोच ठेवलाय बरं का! कोर्ट तुम्हाला निर्दोषच सोडतं. सत्याशी आपण खेळलेलो नाही."

खेळला नव्हता कसा! त्याने कोर्टाचा प्रसंग नव्याने लिहिला होता. त्यात सासू साक्षीला उभी राहते, सुनेकडे बघते, आणि सांगते, "त्या दिवशी ही माझ्याबरोबर रुग्णालयात होती." ती हे खोटं सांगते. एक मुलगा गेला, आता हीही गेली तर घराची राखरांगोळी होईल, म्हणून एक आई देवाच्या दारात उभी राहिल्यासारखी उभी राहून खोटं बोलते. आणि अभिनेत्रीच्या त्या जगप्रसिद्ध डोळ्यांतून एकच थेंब ओघळतो. म्हणजे रुग्णालय शेवटी आणायचं वचन त्याने पाळलं होतं, आणलं ते थाप म्हणून.

"हे चालणार नाही," धाकटी ओरडली. "आई, सांगा ना त्यांना!"

सासूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय लिहिलंय रे बाळा," ती दिग्दर्शकाला म्हणत होती. "आईचं काळीज तुला कसं रे कळलं?"

पुढं वकिलाला विचारून झालं. वकील म्हणाला, सिनेमात खुनी कोण ते तोंडाने कुठं सांगितलेलंच नाही, नुसतं दाखवलंय, आणि सही तुमची आहे. दिग्दर्शकाने फोन उचलणं बंद केलं. सिनेमा लागला.

पहिल्या खेळाला सगळं घर मधल्या रांगेत. पडद्यावर आधी हत्तीएवढी अक्षरं आली, 'सत्य घटनेवर आधारित'. मग कोपऱ्यात मुंगीएवढी, 'सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक'. लोकांनी हत्ती वाचला. थोरलीने अंधारात धाकटीचा हात धरला होता. तिच्या नवऱ्याचं मरण ती पुन्हा बघणार होती, सिनेमा असला म्हणून काय झालं! मग स्वयंपाकघराचा प्रसंग आला. निळ्या स्वेटरमधल्या पडद्यावरच्या धाकटीने एक छोटी बाटली उजेडात धरली. बुडाला टिचकी मारली. हलवली, फेस येणार नाही अशी. फ्लास्कमध्ये ओतली. कसलीही घाई नाही. धाकटीने तिला शिकवलेलं सगळं तिने बिनचूक केलं होतं, आणि सबंध थेटर श्वास रोखून बसलं होतं. थोरलीने रुमाल काढायला म्हणून हात सोडवून घेतला. रुमाल सापडला, डोळे पुसून झाले, पण हात काही परत आला नाही.

सिनेमा धो धो चालला. परीक्षणांत त्या 'शांत हातां'बद्दल रकाने भरून आले. सत्याला भिडण्याच्या धाडसाबद्दल दिग्दर्शकाचे सत्कार झाले.

औषधाच्या दुकानात तर पाय ठेवायला जागा उरेना. लोक लांबून लांबून धाकटीला बघायला यायचे. "खऱ्या त्या तुम्हीच ना? जरा टिचकी मारून दाखवा ना!" तिच्याबरोबर फोटो काढायचे. मग उगाच बरं दिसत नाही म्हणून काहीतरी विकत घ्यायचे. टूथपेस्ट, कंगवा, कापसाचं सीलबंद पाकीट. औषध मात्र कुणी घेत नव्हतं. नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्या गल्लीतल्या दुकानाकडे वळलं. तान्ह्या बाळाची आई आता शाळेत जाणाऱ्या मुलाला घेऊन रस्त्याच्या पलीकडून जायची, आणि मूल इकडे बघायला लागलं की त्याचं तोंड दुसरीकडे फिरवायची. मालक म्हणाला, "तू आता मागे बसायचं नाहीस हं. पुढंच उभी राहा. कंगव्यांचा खप बघ काय वाढलाय!" धाकटी दिवसभर काउंटरवर उभी राहायची आणि संध्याकाळी गोळ्यांचे डबे जसेच्या तसे भरलेले बघून कपाटाला कुलूप लावायची.

तरी तिने जिवाला एक समजूत घातली होती. जगाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे. एक माणूस असं आहे की ज्याला पक्कं माहीत आहे, कारण ते माणूस तिथं होतं.

एक दिवस दुपारी मालकाने भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज मोठा केला. "अगं, तुझी सासू!" पडद्यावर म्हातारी, तोंडाला रंग लावलेली, काठी हातात, मुलाखत देत बसली होती. निवेदिकेने डोळे मोठे करून विचारलं, "आजी, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय पाहिलंत?"

"मी दारात उभी होते," सासू म्हणाली. "ती पाठमोरी होती. निळा स्वेटर होता अंगात. बाटली उजेडात धरली तिने, आणि टिचकी मारली. मला आवाज ऐकू आला."

धाकटीला आधी हसूच आलं. काय ठोकून देते म्हातारी! चांगलं घोळात घेतलंय निवेदिकेला! निळा स्वेटर तर तिने जन्मात घातला नव्हता. पण गिऱ्हाइकं कुणी हसत नव्हती, आणि सासू पुढं म्हणाली, "कोर्टात मी जे बोलले ते आई म्हणून बोलले. देव मला त्याची काय ती शिक्षा देईल." मालकाने रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि कधी नव्हे ते कुणाच्याही नजरेला नजर न देता कंगवे रचायला लागला.

धाकटी ॲप्रन न काढता तशीच घरी गेली. सासू नुकतीच परतली होती. बैठकीच्या खोलीत, तोंडावरचा रंग न पुसता, पाय वर घेऊन बसली होती.

"आई, हे टीव्हीवर काय बोललात?"

"का? आवाज नीट नव्हता आला?"

"तुम्ही कधी उभ्या होतात दारात? त्या दिवशी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"ते नंतर झालं गं. थोरला गेल्यावर."

"त्याच दिवशी झालं!" धाकटी तिच्या पुढ्यात खाली बसली. तिच्या गुडघ्यांना हात लावून बोलायला लागली. "आठवा जरा. दुपारी मला फोन आला, भावजी गेले म्हणून. तुम्ही आत पडल्या होतात, पट्टी बांधून. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत सांगू नका, रडल्या तर डोळा जाईल. मी तोंड धुतलं आणि तुमच्याजवळ येऊन बसले. दिवसभर तुम्हाला गोष्टी सांगितल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबुवांची नक्कल केली. तुम्ही हसत होतात आई, आणि मी तोंडात रुमाल कोंबत होते. हे मी कुणालाही सांगितलं नाही. पण तुम्हाला नंतर सांगितलं होतं. तुम्ही मला पोटाशी धरलं होतंत."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तोंडावरच्या रंगाखाली कुठंतरी काहीतरी हललं. धाकटीला वाटलं, आलं, आठवलं.

मग सासूने हात पुढं केला आणि तिच्या डोक्यावरून फिरवला, फार मायेने. "किती मनाला लावून घेतेस गं," ती म्हणाली. "मी तुला कधी एका शब्दाने बोलले का? तुला मी केव्हाच माफ केलंय. कोर्टात खोटं बोलले त्याचंही मला काही वाटत नाही. माझीच पोर आहेस तू."

"रुग्णालयाचे कागद आहेत आई. आणते मी."

"कागद आणून काय करू? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." तिने आवाज खाली आणला. "एकदा फक्त माझ्याजवळ कबूल कर. मी कुणाला सांगणार नाही. टीव्हीवाल्यांना तर नाहीच नाही."

"मी केलंच नाही, तर कबूल काय करू?"

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ती कौतुकाने मान हलवत धाकटीकडे बघत राहिली.

"अगदी अस्संच," ती म्हणाली. "ती पण शेवटपर्यंत कबूल करत नाही."